डीप पर्पल, रॉयल फिलहार्मोनिक आणि १९६९ चा 'कॉन्चेर्टो' : भक्तांनी हजेरी लावावी

रात्रपाळी

फ्लॉइड किंवा मेटॅलिकाचा धागा आला की इथे बघता बघता शंभरी गाठली जाते. डीप पर्पल या इंग्लिश रॉक बँडचं नाव काढलं की मात्र लोक 'स्मोक ऑन द वॉटर'चे ते ठरलेले सूर तोंडाने वाजवतात आणि पुढच्या धाग्यावर जातात. म्हणून हा धागा, फक्त एका अल्बमसाठी. 'कॉन्चेर्टो फॉर ग्रुप अँड ऑर्केस्ट्रा'. २४ सप्टेंबर १९६९, लंडनचा रॉयल अल्बर्ट हॉल. एका बाजूला रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा, दुसऱ्या बाजूला पाच केसाळ पोरं, मध्ये कंडक्टर माल्कम अर्नोल्ड.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो, त्याशिवाय यातलं धाडस कळणार नाही. बँड १९६८ सालचा. 'हश' अमेरिकेत चाललं होतं, पण घरच्या मैदानावर, इंग्लंडमध्ये, यांना कोणी हिंग लावून विचारत नव्हतं. १९६९ च्या उन्हाळ्यात गायक आणि बासवाला बदलले. इयन गिलन आणि रॉजर ग्लोव्हर आले, दोघेही 'एपिसोड सिक्स' या बँडमधून. म्हणजे कॉन्चेर्टोच्या रात्री ज्याला आपण आज 'असली' डीप पर्पल म्हणतो तो संच जेमतेम तीन महिन्यांचा होता.

कल्पना ऑर्गनवाल्या जॉन लॉर्डची. लहानपणापासून पाश्चात्त्य शास्त्रीय पियानो शिकलेला माणूस. डेव्ह ब्रूबेकच्या जॅझ चौकडीने कंडक्टर बर्नस्टाइन आणि न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबर केलेली रेकॉर्ड ऐकली आणि हे रॉकमध्ये का नको, असं त्याच्या डोक्यात बसलं. मॅनेजर टोनी एडवर्ड्ससमोर तो हे अधूनमधून बोलायचा. एक दिवस एडवर्ड्सने विचारलं, खरंच जमेल का तुला? लॉर्ड हो म्हणाला. त्यावर कळलं की अल्बर्ट हॉल आणि ऑर्केस्ट्रा दोन्ही आधीच ठरवून झालेत! स्वरलिपीचं एक पान लिहिलेलं नव्हतं. मग रात्री कार्यक्रम वाजवून घरी यायचं आणि पहाटेपर्यंत पन्नासेक मिनिटांचं संगीत कागदावर उतरवायचं, असा त्याचा तो उन्हाळा गेला.

माझं म्हणणं एवढंच आहे. रॉक आणि ऑर्केस्ट्रा एकत्र आणणारे बाकीचे बहुतेक अल्बम म्हणजे तयार गाण्यावर व्हायोलिनचा वर्ख. इथे तसं गाणंच नाही. तीन मूव्हमेंट्सची (म्हणजे भागांची) एक सलग रचना आहे आणि पहिल्या मूव्हमेंटमध्ये दोन्ही पक्ष चक्क भांडतात. ऑर्केस्ट्रा कितीतरी वेळ एकटाच वाजत राहतो. बँड आहे की नाही याचा विसर पडायला लागतो आणि मग ड्रम, बास, गिटार, ऑर्गन सगळं एकदम अंगावर येतं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हेडफोन काढून बाहेर काही पडलंबिडलं का बघितलं होतं.

तुम्ही पहिल्यांदा कुठे, कसं ऐकलंत? कोणती आवृत्ती आवडते? लिहा.

बाबूभाऊ

+१. आणि दंडवत.

माझ्याकडे एलपी आहे, मामाकडून आलेली. एलपीवाल्यांना एक वैताग ठाऊक असेल. दुसरी मूव्हमेंट बाजू एकवर सुरू होते आणि बाजू दोनवर संपते. म्हणजे ऐन रंगात आलेलं असताना उठा, तबकडी पलटा, सुई ठेवा, परत बसा. पहिली मूव्हमेंटच जवळजवळ वीस मिनिटांची, त्यामुळे दुसरी अख्खी मावणार कुठे? सीडी आल्यावर मला तो तुकडा सलग ऐकताना उलट चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. तिथे उठायचीच सवय लागली होती.

उपद्व्यापी

धागा छान, पण विरोधी पक्ष म्हणून एक प्रतिसाद हवाच.

मी पर्पलचा पंखा (फॅन) आहे. 'इन रॉक', 'मशीन हेड', 'मेड इन जपान' तोंडपाठ. पण कॉन्चेर्टोबद्दल प्रामाणिकपणे सांगतो, ऑर्केस्ट्राचं लेखन मधूनमधून जुन्या इंग्रजी सिनेमाच्या पार्श्वसंगीतासारखं वाटतं. बँड थांबला की ऑर्केस्ट्रा, ऑर्केस्ट्रा थांबला की बँड. याला संवाद म्हणायचं का? शिवाय गिलनसारखा गळा हाताशी असताना त्याला पन्नास मिनिटांत काय मिळालं, तर दुसऱ्या मूव्हमेंटमधल्या मूठभर ओळी. त्याही त्याने कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी हॉटेलात बसून लिहिल्या असं स्वतःच सांगतो.

आणि गिटारवाल्या ब्लॅकमोरला हा प्रकार मनापासून कधीच आवडला नव्हता, हेही धाग्यात यायला हवं. त्याचं म्हणणं होतं की आता एकदा झणझणीत रॉक करून बघू. जून १९७० मध्ये 'इन रॉक' आला आणि ब्लॅकमोर बरोबर निघाला.

रात्रपाळी

उपद्व्यापी, ब्लॅकमोरचा मुद्दा मान्य. पण मला तर 'इन रॉक' हे कॉन्चेर्टोचंच पिल्लू वाटतं. कॉन्चेर्टोमुळे इंग्लंडच्या पेपरांत पहिल्यांदा नाव गाजलं, अल्बम तिथल्या यादीत २६ व्या क्रमांकापर्यंत गेला, आणि लोकांना वाटायला लागलं की हा ऑर्केस्ट्रावाला बँड. ती ओळख पुसायची म्हणून 'इन रॉक' एवढा कर्कश झाला. लॉर्डने हट्ट केला नसता तर ब्लॅकमोरला चिडायला कारण मिळालं नसतं.

'बँड थांबला की ऑर्केस्ट्रा' हे फक्त पहिल्या मूव्हमेंटबद्दल खरं आहे आणि तिथे ते मुद्दाम केलंय. मुख्य धून कुणाची यावर दोघांची मारामारी चालते. दुसऱ्या मूव्हमेंटमध्ये दोन चाली आहेत, त्या कधी ऑर्केस्ट्रा घेतो, कधी बँड, कधी दोघं मिळून. तिसऱ्या मूव्हमेंटमध्ये सगळे एकत्र सुटतात. हा प्रवास आहे राव. पहिल्या वीस मिनिटांवर निकाल देऊ नकोस.

व्हायोलाकाकू

बऱ्याच दिवसांनी लिहायला विषय मिळाला. मी हौशी ऑर्केस्ट्रात व्हायोला वाजवते. (हो, व्हायोलिन नाही, व्हायोला. त्यावरचे विनोद ऐकून झालेत, नवीन असेल तर सांगा.) त्यामुळे मी हा अल्बम उलट्या बाजूने ऐकते. ऑर्केस्ट्रात बसलेल्यांचे त्या रात्री काय हाल झाले असतील, हे आधी डोक्यात येतं.

बँड आणि ऑर्केस्ट्रा यांचं घड्याळच वेगळं असतं. ड्रमर काठी आपटतो त्याच क्षणी आवाज येतो. आमचं तसं नाही. तारेवर गज टेकल्यापासून सूर भरायला वेळ लागतो, ब्रासवाले पार मागे बसलेले, आणि मोठ्या ऑर्केस्ट्रांना कंडक्टरच्या काठीच्या किंचित मागे वाजवायची सवयच असते. सगळे मिळून मागे, त्यामुळे ऐकणाऱ्याला काही कळत नाही. आता यात इयन पेससारखा ड्रमर आणून बसवा, जो बरोबर ठोक्यावर वाजवतो किंवा केसभर पुढे. मग कोणी कोणाच्या मागे जायचं? आजकाल सगळ्यांच्या कानात क्लिक ट्रॅक (ठेका मोजणारी टिकटिक) असतो, १९६९ मध्ये कसलं काय. समोरच्या काठीकडे बघायचं, पाठीमागून मोठ्ठे अँप्लिफायर केकाटतायत, स्वतःचा सूर ऐकू येत नाही, आणि तालमी मोजून तीन.

तिसऱ्या मूव्हमेंटमध्ये तर ६/८ आणि २/४ अशी तालांची अदलाबदल आहे. हेडफोन लावून ऐका, दोन-तीन ठिकाणी ऑर्केस्ट्रा आणि ड्रम यांच्यात पातळ फट दिसते. कोणी तरी धावत जाऊन गाठतं. बहुतेक वेळा आमचीच माणसं. मला अल्बममधल्या त्या जागा सगळ्यात जास्त आवडतात. स्टुडिओत त्या पुसून टाकल्या असत्या.

मोगरा

व्हायोलाकाकू, कसला भारी प्रतिसाद! वाचनखूण साठवली.

तालमींवरून आठवलं, पहिल्या तालमीला ऑर्केस्ट्रातल्या लोकांनी नाकं मुरडली होती ना? जॉन लॉर्ड मुलाखतींमधून सांगायचा तो किस्सा कुणाला नीट माहीत आहे का?

बाबूभाऊ

सांगतो मोगरा. वातावरण गार. वादक मुद्दाम मरगळल्यासारखे वाजवतायत. लॉर्डच्या सांगण्याप्रमाणे एक चेलोवादक बाई उठून म्हणाल्या की दुय्यम दर्जाच्या बीटल्सबरोबर वाजवायला मी इथे नोकरी धरलेली नाही. बँडची तोंडं पडली. मग अर्नोल्डने ऑर्केस्ट्राला असं काही झापलं की पुढे कुणी हूं की चूं केलं नाही.

अर्नोल्ड हा माणूस वेगळ्या धाग्याचा विषय आहे. आधी स्वतः लंडन फिलहार्मोनिकमध्ये ट्रम्पेट वाजवायचा, त्यामुळे वादकांच्या खोड्या त्याला आतून ठाऊक. 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'च्या संगीतासाठी ऑस्कर घेतलेला. म्हणजे नाव, मान सगळं मिळालेलं. पोरांच्या बाजूने उभं राहून त्याला वैयक्तिक काही मिळणार नव्हतं. त्या रात्री पूर्वार्धात त्याची स्वतःची सहावी सिंफनी वाजली, मग डीप पर्पलने आपली तीन गाणी एकट्याने वाजवली, आणि मग कॉन्चेर्टो. मूळ एलपीवर फक्त कॉन्चेर्टो होता. बाकीचं नंतरच्या आवृत्त्यांमध्ये मिळतं.

उपद्व्यापी, तुला जो जुन्या सिनेमाचा वास येतो, तो आला तर बिघडलं काय? त्या काळात इंग्लंडमधले उत्तम ऑर्केस्ट्रा आणि कंडक्टर दिवसा सिनेमाचंच वाजवून पोट भरत होते.

शेवटचा डबा

जाता जाता, त्या तीन गाण्यांत 'चाइल्ड इन टाइम' होतं. 'इन रॉक' यायच्या कितीतरी महिने आधी. आणि 'चाइल्ड इन टाइम'चा सुरुवातीचा ऑर्गन ज्या तुकड्यावरून उचललाय त्याचं नाव काय? 'बॉम्बे कॉलिंग'! सॅन फ्रान्सिस्कोच्या 'इट्स अ ब्युटिफुल डे' या बँडचा तुकडा, मूळ व्हायोलिनवर आणि बऱ्यापैकी वेगात. लॉर्ड तो ऑर्गनवर घोळवत बसला होता, संथ झाला, आणि त्यावर गिलन ओरडायला लागला.

त्या बँडचा आपल्या मुंबईशी काय संबंध ते देव जाणे, पण अल्बर्ट हॉलमध्ये त्या रात्री आपल्या गावाच्या नावाची चाल वाजली याचा मला उगाचच अभिमान आहे. पुढे एप्रिल १९९५ मध्ये डीप पर्पल खरोखर मुंबईत येऊन वाजवून गेले, लॉर्डसकट, आणि त्या कार्यक्रमाची चित्रफीत निघाली तिचं नाव पण 'बॉम्बे कॉलिंग'.

उपद्व्यापी

^ हे माहीत नव्हतं. लोल. एक पॉइंट मुंबईला.

पणजीकर

अवांतरात भर घालतो.

ऑगस्ट १९७० मध्ये कॉन्चेर्टो दुसऱ्यांदा वाजला, हॉलिवुड बोलमध्ये, लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकबरोबर. कंडक्टर लॉरेन्स फॉस्टर. पण त्या काळात त्या ऑर्केस्ट्राचे संगीत संचालक कोण होते? झुबिन मेहता, मुंबईकर. आणि त्याच वर्षी मे महिन्यात मेहतांनी स्वतः फ्रँक झॅपाच्या बँडबरोबर हाच ऑर्केस्ट्रा चालवला होता. म्हणजे तिथल्या वादकांना तीन महिन्यांत दोनदा रॉकवाल्यांबरोबर बसावं लागलं. लंडनच्या त्या चेलोवाल्या बाईंनी तिथे नोकरी धरली असती तर काय झालं असतं कुणास ठाऊक.

दुसरी गोष्ट. आपल्याकडे ऑर्केस्ट्रा आणि 'दुसरं' संगीत एकत्र आणायचं वेड त्याहून जुनं आहे. आमच्या गोंयच्या अँथनी गोन्साल्विसने १९५८ मध्ये मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजात स्वतःचा ऑर्केस्ट्रा उभा केला, रागांवर आधारलेल्या रचना लिहिल्या आणि लता मंगेशकर, मन्ना डे यांना गायला उभं केलं. वादक कोण, तर दिवसभर फिल्मी रेकॉर्डिंग करणारे लोक. लॉर्डला निदान मॅनेजरने हॉल काढून दिला होता. गोन्साल्विसना सगळं पदरचं करावं लागलं आणि ते फार चाललं नाही. लॉर्डचं कौतुक आहेच, पण हे नावही इथे असू दे.

मोगरा

पणजीकर, यावर स्वतंत्र धागा काढाच. मी पाट लावून बसते.

आणि १९७१ मध्ये रविशंकरांचा सतार आणि ऑर्केस्ट्राचा कॉन्चेर्टो लंडन सिंफनीबरोबर आला, आंद्रे प्रेव्हिन कंडक्टर. हवेतच होतं काहीतरी त्या दोन-तीन वर्षांत.

मला या अल्बममध्ये जुगलबंदी ऐकू येते. पहिल्या मूव्हमेंटमध्ये तर सरळ सवाल-जवाब आहे. आपल्या कानाला तो सोपा जातो.

व्हायोलाकाकू

मोगरा, जुगलबंदी म्हणायला माझी जीभ थोडी अडखळते. जुगलबंदीत दोघांनाही मोकळीक असते. इथे पाच जण मोकळे आणि बाकीचा सगळा फौजफाटा लिहिलेल्या कागदाला बांधलेला. ब्लॅकमोर पहिल्या मूव्हमेंटमध्ये सोलो घेतो तेव्हा तो काय वाजवणार हे कुणालाच माहीत नाही. ऑर्केस्ट्राने गप्प बसायचं आणि तो कधी आटपतो याची वाट बघायची. कंडक्टरचे डोळे गिटारवाल्यावर. जरा मान हलली की काठी वर, आणि सगळ्यांनी एका क्षणात आत शिरायचं. आधी शिरलो तर हसं, उशिरा शिरलो तर भोक.

त्याच मूव्हमेंटमध्ये क्लॅरिनेटलाही एकट्याची जागा आहे. लोक गिटारच्या नादात ती विसरतात. एवढ्या गदारोळात तो एक पातळ आवाज उभा राहतो, आणि लॉर्डला ऑर्केस्ट्रासाठी लिहायला येत होतं की नाही याचं उत्तर मला तिथे मिळतं. फुंकवाद्याला श्वास घ्यायला जागा ठेवून लिहिलंय. नवशिका लेखक ती ठेवत नाही.

देवाशप्पथ

मेटॅलिकाचा 'एस अँड एम' > कॉन्चेर्टो.

या आता.

रात्रपाळी

आलोच.

'एस अँड एम' मलाही आवडतो. एप्रिल १९९९, बर्कली, सॅन फ्रान्सिस्को सिंफनी, कंडक्टर मायकेल केमन. आवाजाच्या दृष्टीने कॉन्चेर्टोपेक्षा कैक पटींनी सरस. पण तिथे केमनपुढे तयार गाणी होती. आधीच लोकांच्या तोंडात बसलेली. त्याने त्यांच्या भोवती, त्यांच्या पोकळ्यांमध्ये ऑर्केस्ट्रा लिहिला. ऑर्केस्ट्रा काढून घेतला तरी 'मास्टर ऑफ पपेट्स' तसंच उभं राहतं. कॉन्चेर्टोतून ऑर्केस्ट्रा काढा, काय उरतं? काहीच नाही. बँड काढा, तरी काही उरत नाही. मला तो फरक महत्त्वाचा वाटतो.

त्याआधीचं उदाहरण मूडी ब्लूजचं. 'डेज ऑफ फ्यूचर पास्ड', १९६७. सुंदर अल्बम. पण तिथे गाणी संपतात आणि मग ऑर्केस्ट्रा येतो, दोघं एकमेकांच्या वाटेत फारसे येत नाहीत. एका खोलीत, एका वेळी, लोकांसमोर, पाच जणांनी आणि अख्ख्या ऑर्केस्ट्राने पन्नास मिनिटं एकमेकांना तोंड द्यायचं, ही हिंमत १९६९ ची.

देवाशप्पथ

हिंमत मान्य. ऐकायला मला मेटॅलिकाच.

लंडनकर

अल्बर्ट हॉलबद्दल दोन शब्द, कारण मी प्रॉम्सला (तिथल्या उन्हाळी शास्त्रीय मैफिलींना) अधूनमधून उभं राहायच्या तिकिटावर जातो. तो हॉल म्हणजे प्रचंड गोल घुमट. प्रतिध्वनी इतका की नवीन रचना दोनदा ऐकायला मिळते, असा जुना विनोद आहे. छताला ज्या निळसर छत्र्या लोंबताना दिसतात त्या प्रतिध्वनी मोडायला लावल्या, त्या १९६९ सालातल्याच. म्हणजे कॉन्चेर्टो त्यांच्या अगदी पहिल्या हंगामातला! त्याच्या आधी तिथे एवढ्या अँप्लिफायरवर वाजवलं असतं तर रेकॉर्डिंगचा पुरता लगदा झाला असता.

आताही अल्बम ऐकताना व्हायोलिनच्या मायक्रोफोनमध्ये ड्रम शिरलेले ऐकू येतात. सोय नव्हती. पण बीबीसीने त्या रात्रीचं चित्रीकरण केलंय ते जरूर बघा. बरेचसे तरुण श्रोते आणि मधूनच बो टाय लावलेले गृहस्थ, आणि शेवटी सगळेच उभे. तिसऱ्या मूव्हमेंटचा भाग परत वाजवावा लागला.

निळा कावळा

कुणीच स्वरलिपी हरवल्याची गोष्ट कशी काढली नाही?? माझ्या मते या अल्बमचं सगळ्यात मोठं प्रेमप्रकरण तेच आहे.

१९७० च्या त्या हॉलिवुड बोलनंतर लॉर्डचे मूळ कागद गायब झाले. अख्खी स्वरलिपी. कुठे, कशी, कुणाच्या हातून, पत्ताच नाही. त्यामुळे कॉन्चेर्टो पुढे जवळजवळ तीस वर्षं कुणाला वाजवताच आला नाही. रेकॉर्ड होती, चित्रफीत होती, कागद नव्हते.

मग नेदरलँड्समधल्या मार्को दे खुय या तरुण संगीतकाराने ठरवलं की ऐकून ऐकून परत लिहायचं. विचार करा. बासरी, ओबो, हॉर्न, चार-पाच थरांचे तंतुवाद्यांचे आवाज, वरून ड्रम आणि हॅमंड ऑर्गन सगळं झाकून टाकतायत, आणि त्यातून दुसऱ्या व्हायोलिनची ओळ शोधायची! लंडनकर म्हणतात तसं मायक्रोफोनमध्ये सगळं एकमेकांत मिसळलेलं. कानाला ऐकू येईना तिथे चित्रफीत थांबवून वादकांची बोटं आणि गज बघायचे. त्याने ते पूर्ण केलं, लॉर्डच्या हातात नेऊन दिलं, आणि मग लॉर्डने स्वतः बसून उरलेली भोकं बुजवली.

त्यातून सप्टेंबर १९९९ चे अल्बर्ट हॉलचे कार्यक्रम झाले. बरोबर तीस वर्षांनी, तोच हॉल, या वेळी लंडन सिंफनी, कंडक्टर पॉल मान. गिटारवर ब्लॅकमोरच्या जागी स्टीव्ह मोर्स. पाहुणा गायक म्हणून रॉनी जेम्स डिओ! पुढे हाच कॉन्चेर्टो घेऊन बँड दक्षिण अमेरिका, युरोप, जपान फिरला.

पंखा असावा तर असा. आपण इथे नुसते +१ टाकतो.

मोगरा

+१ (आता लाज वाटतेय टाकताना)

बाबूभाऊ

दे खुयची गोष्ट वाचून मामांची आठवण झाली. नुसत्या कानाने ऐकून पेटीवर काहीही बसवायचे. पण ऑर्केस्ट्रा… नाही बुवा. साष्टांग.

१९९९ च्या आवृत्तीबद्दल माझं मत: वादन जास्त नेटकं, ऑर्केस्ट्रा मनापासून वाजवतोय हे कळतं. मोर्स तांत्रिकदृष्ट्या अफाट. पण तो ऑर्केस्ट्राशी फार सभ्यपणे वागतो. ब्लॅकमोरच्या वाजवण्यात 'मला इथे कशाला आणलंय' असा जो राग आहे तो पहिल्या मूव्हमेंटला हवाच. त्याला हे काम आवडत नव्हतं म्हणूनच त्याने ते एवढं भारी केलं.

व्हायोलाकाकू

सहमत, एक पुरवणी जोडून. १९९९ मध्ये ऑर्केस्ट्रात बसलेल्यांपैकी कितीतरी जण लहानपणी रॉक ऐकूनच मोठे झाले असणार. १९६९ च्या वादकांसाठी तो परका आवाज होता. भांडणाची मूव्हमेंट खऱ्या भांडणाऱ्यांनी वाजवली एवढंच.

लॉर्डचं स्टुडिओत केलेलं शेवटचं रेकॉर्डिंगही आहे, रॉयल लिव्हरपूल फिलहार्मोनिकबरोबर, पॉल मानच कंडक्टर. गिटारवर वेगवेगळ्या मूव्हमेंट्सना वेगळी माणसं, त्यात जो बोनामासा आणि मोर्सही. गायला आयर्न मेडनचा ब्रूस डिकिन्सन. ते २०१२ मध्ये बाहेर आलं. लॉर्ड त्याच वर्षी १६ जुलैला गेला. अंतिम रेकॉर्डिंग त्याने त्याआधी ऐकलं होतं. त्यात ऑर्केस्ट्राची प्रत्येक ओळ स्वच्छ ऐकू येते. १९६९ ऐकताना जे तुम्हाला नुसता धुरळा वाटतं, तिथे लॉर्डने नक्की काय लिहिलं होतं हे त्यात समजतं. उपद्व्यापी, तुमच्या सिनेमासंगीताच्या तक्रारीसाठी तरी हे एकदा ऐका.

उपद्व्यापी

ऐकलं काकू, काल रात्री. दुसऱ्या मूव्हमेंटचा शेवट, ऑर्गनच्या एकट्या जागेनंतर ऑर्केस्ट्रा हळूहळू विझत जातो तो, मान्य, तो सुरेख आहे. सिनेमा नाही आठवला. पहिल्या मूव्हमेंटबद्दल मत कायम. गिलनबद्दलही कायम.

वाचनमात्र

नमस्कार, बरीच वर्षं फक्त वाचतो, लिहायला पहिल्यांदा आलो. मला रॉक फारसं कळत नाही, पाश्चात्त्य शास्त्रीय तर अजिबातच नाही. कॉन्चेर्टो ऐकायची इच्छा झाली आहे. सुरुवात कुठून करावी? तीन-तीन आवृत्त्या बघून गोंधळलो.

निळा कावळा

स्वागत! १९६९. डोळे झाकून.

बाबूभाऊ

१९६९, पण तिसऱ्या मूव्हमेंटपासून. पेसचा ड्रम सोलो आहे, वेग आहे, कंटाळा येणार नाही. मग मागे या.

रात्रपाळी

तिसऱ्यापासून?? बाबूभाऊ, समेट आधी आणि भांडण नंतर? वाचनमात्र, यांचं ऐकू नका. पहिल्यापासून लावा, एका बैठकीत, फोन दुसऱ्या खोलीत. बँड यायला वेळ लागतो, लागू द्या. आवाज मात्र सुरुवातीला कमी वाटला म्हणून वाढवून ठेवू नका, पुढे कानठळ्या बसतील.

व्हायोलाकाकू

आणि जमलं तर १९६९ नंतर लगेच २०१२. क्लॅरिनेटची जागा दोन्हींत शोधा.

वाचनमात्र

सगळ्यांचे आभार. पहिल्यापासून लावलं आहे. बँड आला तेव्हा चहा सांडला. आता गिटार चालू आहे. बराच वेळ चालू आहे. हा सोलो नक्की कधी संपतो?

शेवटचा डबा

अर्नोल्डही तेच बघत उभा होता.